दोन लुगड्यांच्या अंतरावरून

लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही धनुकली करायचो. बांबूची कामठी वाकवायची, सुतळी ताणून बांधायची आणि आजीचा डोळा चुकवून खराट्यातले हीर उपसायचे. पहिल्या दिवशी हीर थेट विहिरीच्या रहाटापर्यंत जायचा. आठवड्याभरात तोच तुळशीवृंदावनापाशी लोळण घ्यायला लागायचा. धनुकली रात्रंदिवस ताणलेलीच खुंटीला टांगलेली असायची. कामठीला वाकून राहायची सवय लागायची आणि तिच्यातला जोर जायचा. खेळून झालं की दोरी उतरवून ठेवावी, एवढी साधी गोष्ट आम्हाला कुणी सांगितली नाही.

मला ती कळली फार उशिरा, सॅक्स्टन पोप नावाच्या एका अमेरिकन सर्जनच्या पुस्तकातून. आणि पोपला धनुष्य शिकवलं ते अशा माणसानं, ज्याचं खरं नाव आजतागायत कुणाला ठाऊक नाही.

२९ ऑगस्ट १९११ रोजी कॅलिफोर्नियातल्या ओरोविल गावाबाहेर, कत्तलखान्याच्या आवारात, एक उपाशी, थकलेला मध्यमवयीन माणूस सापडला. ‘याही’ नावाच्या जमातीतला तो शेवटचा. सोन्याच्या मागे आलेल्या गोऱ्यांनी १८६०च्या दशकात त्याच्या लोकांची कत्तल केली होती. उरलेले मूठभर जण पुढची चाळीसेक वर्षं डीअर क्रीकच्या दऱ्याखोऱ्यांत लपून जगले, आणि एकेक करून संपले. मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर यांनी या माणसाला सॅन फ्रान्सिस्कोतल्या विद्यापीठाच्या संग्रहालयात आणवलं. परक्याला आपलं नाव सांगायचं नाही ही त्याच्याकडची रीत. म्हणून याना भाषेत ज्याचा अर्थ ‘माणूस’ असा होतो ते ‘इशी’ हेच त्याचं नाव झालं. संग्रहालयाला लागूनच वैद्यकीय महाविद्यालय होतं. तिथे शल्यक्रिया शिकवणारे पोप त्याचे डॉक्टर झाले, मग मित्र, मग शिष्य.

इशीचं धनुष्य जेमतेम साडेतीन फुटांचं. त्याचं माप त्याच्या अंगावरच होतं: आडव्या पसरलेल्या हाताच्या टोकापासून दुसऱ्या बाजूच्या कमरेपर्यंत. लाकूड डोंगरी जुनिपरचं. सॅमन माशाची कातडी उकळून केलेल्या सरसानं पाठीवर हरणाच्या कंडरांच्या तंतूंची पट्टी चिकटवलेली. ताण चाळीस पौंडांच्या आसपास. बाणाचं टोक काळ्या ज्वालामुखी काचेचं, नाहीतर सरळ फुटक्या बाटलीच्या काचेचं. शहरात आल्यावर बिअरच्या तपकिरी बाटल्यांतून तो सुरेख टोकं काढायचा. पोप यांनी पुढे प्रयोग करून पाहिला, तेव्हा ज्वालामुखी काच मांसात पोलादापेक्षा खोल गेली.

पण मला जास्त आवडतात त्याचे नियम. धनुष्य कुणी ओलांडायचं नाही, लहान मुलानंसुद्धा. ओलांडलं तर ते सरळ नेम धरत नाही. (आमच्याकडे झोपलेल्या पोराला ओलांडलं तर त्याची उंची खुंटायची.) दोरी उतरवलेलं धनुष्यही भिंतीला उभं टेकवायचं नाही. उभं राहिलं तर ते काम करत राहतं, त्याला घाम फुटतो, ते थकतं. यात अंधश्रद्धा किती आणि सुतारकाम किती, हे वेगळं काढता येत नाही. एका टोकावर भार देऊन उभं ठेवलेलं लाकूड हळूहळू वाकडं होतं आणि दमट हवेत ओल धरतं. हे कुठल्याही सुताराला माहीत असतं.

इशी दोरी ओढायचा ती अंगठ्यानं. इंग्रजी पद्धतीत तर्जनी, मध्यमा आणि अनामिका या तिघी दोरी ओढतात, अंगठा बसून राहतो. आशियात बऱ्याच ठिकाणी उलटं, भार अंगठ्यावर. एकलव्याची गोष्ट आपण गुरुदक्षिणेची म्हणून ऐकत आलो, पण तिच्यात तांत्रिक तपशीलही आहे. अंगठा गेल्यावर एकलव्य उरलेल्या बोटांनी बाण सोडत राहिला, फक्त पूर्वीची चपळाई राहिली नाही, असं महाभारतच सांगतं. म्हणजे द्रोणांनी नेमकं काय मागितलं, ते तीन बोटांनी ओढणाऱ्याला कळायचं नाही.

आता गंमत अशी, की मैदानात लावलेल्या निशाण्यावर इशी साधारणच होता. सराव वाढला तसे पोप त्याच्या पुढे गेले. पण रानात नेम लागायचा तो त्याचाच, कारण तो लांबून बाण सोडायचाच नाही. शिकारीच्या आदल्या दिवशी मासे खायचे नाहीत, तंबाखूचा धूर अंगाजवळ येऊ द्यायचा नाही. हरणाला वास लागतो. सकाळी डोक्यापासून पायापर्यंत अंघोळ, चूळ भरायची, पोटात अन्न नाही. मग झुडपात बसून बोटं ओठांना लावायची आणि चुंबनासारखा आवाज काढत सशाला बोलवायचं. ससा आपल्या पायांनी दहा-पंधरा पावलांवर येतो. तिथून नेम साधायला फार कौशल्य लागत नाही. सगळं कौशल्य त्याच्या आधीच खर्च झालेलं असतं.

धनुष्यानं शिकार करणाऱ्या हौशी मंडळींचं आज जे काही चालतं, त्याची नाळ या झुडपापाशी येऊन मिळते. त्याआधीचा एक धागा आहे तो थॉम्पसन बंधूंचा. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडून लढलेले मॉरिस आणि विल थॉम्पसन युद्धानंतर धनुष्य घेऊन रानात फिरले. मॉरिसचं १८७८चं पुस्तक इतकं गाजलं की पुढच्याच वर्षी अमेरिकेत राष्ट्रीय धनुर्विद्या संघटना उभी राहिली. पोप यांचं पुस्तक १९२३चं. ते आणि त्यांचे जोडीदार आर्ट यंग यांनी यलोस्टोनमध्ये बाणानं ग्रिझली अस्वलं मारली, १९२५मध्ये आफ्रिकेत सिंहांवर बाण चालवले. तो भाग वाचताना मी अवघडतो. ज्या माणसानं पोटासाठी आणि पथ्यं पाळून शिकार केली, त्याच्या शिष्यांनी तीच विद्या सिंह मोजायला वापरली, असं मनात येतं. पण याच यंगची अलास्कातली फिल्म १९२७ साली डेट्रॉईटमध्ये फ्रेड बेअर या तरुणानं पाहिली, यंगकडूनच तो धनुष्य घडवायला शिकला आणि १९३३मध्ये त्यानं स्वतःचा कारखाना काढला. १९३४मध्ये विस्कॉन्सिन राज्यानं हरणासाठी धनुष्याचा वेगळा हंगाम दिला. इतर राज्यं मागोमाग आली.

मग आलं कम्पाउंड धनुष्य. मिसूरीतल्या हॉलिस विल्बर ॲलन या शिकाऱ्याचं रडगाणं असं, की बाण पोहोचायच्या आत हरीण उडी मारून निसटतं. त्यानं धनुष्याच्या टोकांना कप्प्या बसवल्या. १९६९मध्ये पेटंट मिळालं. कप्प्यांमुळे पूर्ण ताणल्यावर हातावरचा भार निम्म्याहून कमी होतो, नेम धरून थांबता येतं, बाण जास्त वेगानं जातो. सातारच्या अदिती स्वामीनं आणि तिथेच सराव करणाऱ्या नागपूरच्या ओजस देवतळेनं २०२३मध्ये बर्लिनला जे विश्वविजेतेपद मिळवलं, ते याच धनुष्यावर. हरणाच्या उडीवरचा उतारा सातारच्या मैदानात असा कामाला आला.

पण कम्पाउंड आलं तसं काही लोकांना ते नकोसंही झालं. ही मंडळी आजही साधं लांब धनुष्य किंवा टोकांना उलटा बाक दिलेलं धनुष्य हातात धरतात. त्यांच्या गप्पा ऐकल्या तर आपल्याकडच्या तबलावादकांची आठवण होते. तासभर बोलणं चालतं ते पुडीबद्दल आणि शाईबद्दल.

लाकडावरून सुरुवात होते. इंग्लिश परंपरेत यू नावाच्या झाडाचं. १५४५मध्ये बुडालेलं ‘मेरी रोझ’ हे जहाज १९८२मध्ये वर काढलं. त्यावरची शेकडो वर्षं चिखलात राहिलेली धनुष्यं शाबूत निघाली, आणि त्यांचे ताण शंभर पौंडांच्या वरचे निघाले. यूच्या एकाच फांदीत बाहेरचं पांढरं लाकूड ताण सोसतं आणि आतलं लालसर लाकूड दाब सोसतं. म्हणून तिरंदाजापासून लांबच्या बाजूला, म्हणजे पाठीला, पांढरं ठेवायचं आणि पोटाला लाल. अमेरिकेत मान ओसेज ऑरेंजचा. फ्रेंच व्यापाऱ्यांनी त्याला ठेवलेल्या नावाचा अर्थच ‘धनुष्याचं लाकूड’. त्याची पाठ कोरताना झाडाचं एकच वार्षिक वलय टोकापासून टोकापर्यंत अखंड सांभाळायचं. पटाशी एका जागी जरी खाली गेली, तरी धनुष्य बरोबर तिथेच तडकतं. मग तासणं: दोन-चार सालपटं काढा, दोरी थोडी ओढा, दोन्ही बाह्या सारख्या वाकतात का पाहा, पुन्हा दोन-चार सालपटं. अनेक दिवस चालणारं हे काम एका घाईच्या फटक्यात सरपण होतं.

नवख्याला जाणकार सगळ्यात आधी सांगतात, ताण कमी घे. अठ्ठावीस इंच ओढल्यावर जेवढे पौंड भरतात तो धनुष्याचा ताण. बायसेप्सच्या भरात साठ पौंडांचं धनुष्य घेतलेला माणूस ओढताना खांदा वर उचलतो, थरथरतो आणि घाईनं दोरी सोडतो. चाळीस-पंचेचाळीसच्या धनुष्यानं रोज शांतपणे वीस बाण मारणारा त्याच्यापुढे जातो. अनेक राज्यांत कायद्याची किमान मर्यादाही हरणासाठी तीस-चाळीस पौंडांचीच आहे.

धनुष्यापेक्षा बाण महत्त्वाचा, हे मात्र उशिरा पटतं. साध्या धनुष्यात दोरी मधोमध असते, आणि बाण मुठीच्या बाजूला टेकलेला. सरळ गेला तर तो बाजूलाच जायला हवा. तो तसा जात नाही, कारण सुटताच बाण वाकतो, मुठीला वळसा घालतो, मासोळीसारखा सळसळत पुढे निघतो आणि काही वारांत सरळ होतो. हे १९३०च्या दशकात वेगवान छायाचित्रणानं दिसलं. म्हणजे बाणाची लवचीकता धनुष्याला साजेशी हवी. फार ताठ बाण एकीकडे, फार लवचीक दुसरीकडे. ती मोजायची रीत घरात जमण्यासारखी आहे: सव्वीस इंचांवरच्या दोन टेकूंवर काडी ठेवायची, मध्ये दोन पौंडांचं वजन टांगायचं आणि किती इंच झोळ पडला ते पाहायचं. सव्वीसला त्या झोळानं भागायचं. अर्धा इंच झोळ म्हणजे बावन्न पौंडांच्या धनुष्याचा बाण. लाकडाच्या बाणांसाठी ओरेगॉन किनाऱ्यावरचं पोर्ट ऑरफर्ड सीडर नावाजलेलं. हलकं, सरळ रेषांचं, कापताना आल्यासारखा तिखट वास येणारं. मुळांच्या एका रोगानं ते झाड आता दुर्मीळ होत चाललंय.

पिसं टर्कीची, आणि एका बाणावरची तिन्ही एकाच पंखातली. डाव्या पंखाच्या पिसाचा बाक वेगळा, उजव्याचा वेगळा. मिसळली तर बाण हवेत गोंधळतो. पातं असं, की मनगटावरचे केस साफ निघाले पाहिजेत. बंदुकीची गोळी धक्क्यानं मारते. बाण मारतो तो रक्तस्रावानं. बोथट पातं म्हणजे जनावराचे हाल, आणि या मंडळींत हा गुन्हा निशाणा चुकण्यापेक्षा मोठा.

आता अंतर. बहुतेक जुनेजाणते वीस यार्डांच्या आतला सल्ला देतात. यार्ड म्हणजे आपला वार. नऊवारी लुगडं दोनदा पसरलं की अठरा वार होतात, वर थोडा पदर. एवढं जवळ का, ते हिशेबानं पाहा. साध्या धनुष्याचा बाण सेकंदाला सुमारे १७० फूट जातो. वीस वार म्हणजे साठ फूट, लागतात ०.३५ सेकंद. दोरीचा आवाज मात्र ०.०५ सेकंदात हरणाच्या कानी पोहोचतो. उरलेल्या ०.३ सेकंदात हरीण उडी मारण्यासाठी पाय दुमडून खाली बसतं, आणि बाण पाठीवरून जातो. चाळीस वारांवर त्याला दुप्पट वेळ मिळतो. अदिती पन्नास मीटरवर नेम धरते, म्हणजे सहा लुगड्यांवर. पण तिच्या समोरचा निशाणा कान टवकारत नाही.

बाकीचे सल्ले याच अंतराभोवती फिरतात. वारा त्याच्याकडून आपल्याकडे यायला हवा. हरीण आडवं उभं असावं, किंवा किंचित पाठमोरं, म्हणजे बाण फुप्फुसांतून तिरका जातो. समोरून कधीच नाही. झाडावर मचाण बांधलं तर पट्ट्याशिवाय बसायचं नाही. या छंदात मोडणारी हाडं बहुतेक हरणामुळे मोडत नाहीत, मचाणावरून पडून मोडतात. बाण लागल्यावर जागेवर अर्धा तास तरी बसून राहायचं, पोटात लागला असेल तर कित्येक तास. लगेच मागे धावलं तर जखमी जनावर मैलभर पळतं. शांत सोडलं तर जवळच बसतं. मग पानांवरचे थेंब बघत, प्रत्येक थेंबापाशी कागदाचा तुकडा खोचत, माग काढायचा. हंगाम नसेल तेव्हा हीच माणसं बोथट टोकाचे बाण घेऊन रानात हिंडतात आणि कुजक्या बुंध्यांवर नेम धरतात. अंतर माहीत नसताना मारायची सवय व्हावी म्हणून. मला विचाराल तर या छंदातला सगळ्यात निर्मळ भाग हाच.

कारण आपल्याकडे बाकीचं करता येत नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापुढे हत्यार कुठलं यानं फरक पडत नाही. शिकारीचा प्रयत्नसुद्धा शिकारच. योगायोग असा, की त्याच १९७२ साली अमेरिकेनं धनुष्यबाणांवरही बंदुकांसारखा ११ टक्के कर लावायचा कायदा केला आणि तो पैसा वन्यजीवांच्या रक्षणाकडे वळवला. दोन देशांनी एकाच वर्षी रान वाचवायला घेतलं, एकानं शिकाऱ्याला लगाम घालून, दुसऱ्यानं त्याच्याच खिशातून. आपल्या रानांची तेव्हाची अवस्था बघता आपला रस्ता मला बरोबर वाटतो.

शहरात आल्यावर इशी साडेचार वर्षं जगला. रविवारी संग्रहालयात येणाऱ्यांपुढे बसून काचेची टोकं घडवायचा आणि देऊन टाकायचा. १९१४मध्ये क्रोबर, पोप आणि इतर काही जण त्याला घेऊन डीअर क्रीकला गेले. तिथे त्यानं आपल्या दऱ्या त्यांना पायी फिरून दाखवल्या. २५ मार्च १९१६ला क्षयानं गेला. त्याच्या लोकांच्या रिवाजाप्रमाणे दहन करायचं ठरलं. सोबत काय ठेवलं, ते पोप यांनी लिहून ठेवलंय: त्याचं एक धनुष्य, पाच बाण, ओकच्या फळांच्या पिठाची टोपली, शंखशिंपल्यांचे मणी, ज्वालामुखी काचेचे काही तुकडे. आणि तंबाखूची एक थैली.