कमानीच्या मधोमध

पुण्याहून मुंबईकडे जाताना हे दृश्य कधी ना कधी दिसतंच. ट्रक आहे, पण त्याला केबिन नाही, हौदा नाही, दारं नाहीत. दोन लांब पोलादी पट्ट्या, खाली चाकं, पुढे उघडं इंजिन आणि तात्पुरत्या आसनावर तोंडाला फडकं गुंडाळून बसलेला चालक. कारखान्यातून निघालेली नुसती चॅसी बॉडी बांधणाऱ्याकडे निघालेली असते. लहानपणी मी तिच्याकडे डोळे विस्फारून बघायचो. अंगच नाही, तरी गाडी धावतेय! आपण जिला गाडी म्हणून ओळखतो ती बॉडी, आणि धावणारी ती चॅसी.

या एका गोष्टीवर अमेरिकेतल्या हौशी कारागिरांनी एक विलक्षण कला उभी केली आहे. ते जुन्या पिकअपची बॉडी उचलतात आणि तिच्याहून कितीतरी तरुण ट्रकच्या चॅसीवर बसवतात.

त्यांचा एक लाडका जुना ट्रक म्हणजे शेवरले 3100. महायुद्धानंतर शेवरलेने 1947 च्या उन्हाळ्यात ट्रकची संपूर्ण नवी रचना आणली आणि ती 1955 च्या सुरुवातीपर्यंत चालली. गुबगुबीत मडगार्ड, गोल खांद्यांची केबिन, पुढे आडव्या पट्ट्यांची जाळी. एकदा पाहिलेला हा चेहरा विसरता येत नाही. चालवायला मात्र हा ट्रक त्याच्या काळाचाच. पुढची दोन चाकं एकाच अखंड आडव्या दांड्यावर, त्यामुळे डावं चाक खड्ड्यात गेलं की उजवंही कलतं. चारही चाकांना ड्रम ब्रेक. ब्रेकच्या तेलाची वाटही एकच, म्हणजे एका ठिकाणी गळती झाली की सगळेच ब्रेक ढिले.

आता शेवरलेचाच छोटा पिकअप एस-10 पाहा. 1982 ते 2004 या मॉडेल-वर्षांत तो बनला. त्याच्या पुढच्या प्रत्येक चाकाला स्वतःचे वर-खाली दोन हात आणि स्वतःची स्प्रिंग, त्यामुळे एका चाकाचा खड्डा दुसऱ्याला कळत नाही. पुढे डिस्क ब्रेक. आणि ब्रेकच्या तेलाच्या वाटा दोन, एक फुटली तरी दुसरी शाबूत.

मला खरं नवल वाटतं ते पुढच्या आकड्यांचं. जुन्या 3100 च्या पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर 116 इंच. लांब हौद्याच्या, साध्या केबिनच्या एस-10 मध्ये हेच अंतर 117.9 इंच. पहिल्याच्या रचनेनंतर तीन दशकांहून अधिक काळाने दुसरा कागदावर उतरला. एकाने दुसऱ्याला जागा द्यावी असं कुणाच्या मनातही नव्हतं. तरी फरक फक्त 1.9 इंच, म्हणजे जेमतेम 48 मिलिमीटर!

पण हे 48 मिलिमीटर सोडून देता येत नाहीत. मडगार्डची कमान हे चाकाचं घर. चाक त्या कमानीच्या मधोमध हवं. ते दोन बोटं जरी मागे सरकलं तरी अनोळखी माणसाच्याही डोळ्याला खुपतं, आणि काय खुपतंय ते त्याला सांगता येत नाही. म्हणून कुणी मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगचे आधार पुढे घेऊन चाकांचा आस सरकवतात, कुणी चॅसीच कापून आखूड करतात. काप सरळ उभा न घेता पायरीसारखा घेतात, म्हणजे वेल्डिंगचा सांधा एकाच रेषेत येत नाही आणि सगळा ताण एका जागी साचत नाही. मग इंजिनाची ताकद मागे नेणारा शाफ्टही तेवढाच छोटा करावा लागतो.

यातली बरीचशी मेहनत मापांची, आणि हत्यारं गवंड्याच्या ओळखीची: टेप, दोरी, ओळंबा. चॅसीवरच्या ठरावीक खुणांवरून ओळंबे सोडायचे, फरशीवर खडूने बिंदू उमटवायचे, मधली रेषा आखायची, दोन्ही कर्ण मोजायचे. कर्ण सारखे आले तर चॅसी काटकोनात. नाही आले तर ती कुठेतरी वाकली आहे. वरची बॉडी कितीही देखणी असो, हा हिशेब जमिनीवरच मिटवावा लागतो.

त्यानंतर एकेक अवयव नव्या जागी जातो. जुन्या ट्रकचं ब्रेकचं पेडल तळातून वर येतं. नव्या पद्धतीत ते समोरच्या पत्र्यावरून खाली लोंबतं, म्हणून तो पत्रा आतून मजबूत करावा लागतो. 1949 पासून 3100 ची पेट्रोलची टाकी केबिनमध्ये, थेट आसनामागे असे. आता एस-10 ची टाकी हौद्याखाली चॅसीला लटकते आणि माणसाच्या पाठीमागचं पेट्रोल बाहेर जातं. सहा व्होल्टची वीज बारा व्होल्टची होते. शेवटी चॅसीवर नवे आधार वेल्ड करून, रबराच्या गाद्या ठेवून, त्यांवर केबिन बोल्टने आवळतात. चॅसी रस्त्यावर सतत किंचित पिळवटत असते. तो पीळ केबिनच्या पत्र्यापर्यंत पोहोचू नये म्हणून मध्ये ते रबर.

मग हा ट्रक कुठल्या सालचा? जुन्या केबिनवर एक क्रमांक, एस-10 चा दुसरा. कागदावर काय लिहायचं याचे नियम अमेरिकेत राज्याराज्यांत वेगळे. मूळ ट्रक जसाच्या तसा जपावा असं मानणाऱ्यांना ही कापाकापी बोचते, आणि त्यांची तळमळ मला समजते. पण ज्या केबिनची मूळ चॅसी गंजून गेली आहे, ती गवतात कुजण्याऐवजी पुन्हा रस्त्यावर येते, याचा आनंद मला जास्त वाटतो. सिग्नलला उभा असताना तो 1950 चा असतो. पुढे अचानक एखादं मूल धावत आलं आणि चालकाने ब्रेक दाबला, तर त्या क्षणी तो चाळीस वर्षांनी तरुण असतो, आणि वेळेवर थांबतो.