किडनीचा फॉर्म्युला आणि जव्हार-मोखाड्याचं रक्त

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, त्यामुळे फॉर्म्युला दिसला की आत काय दडलंय ते बघायची सवयच लागलीये. आज बघू किडनीचा फॉर्म्युला.

रक्तातल्या क्रिएटिनिनवरून किडनी किती गाळते याचा अंदाज काढतात. रिपोर्टवर तो ‘ई-जीएफआर’ म्हणून येतो. अमेरिकेत २००९ सालच्या सूत्रात पेशंट कृष्णवर्णीय असेल तर उत्तराला १.१५९ ने गुणायचे. कारण काय, तर त्यांचे स्नायू जास्त असतात, हे गृहीतक! कागदावर किडनी १६ टक्के चांगली दिसायची आणि ट्रान्सप्लांटच्या यादीत नाव उशिरा लागायचं. २०२१मध्ये हा गुणाकार काढून टाकला.

आता आपल्या जव्हार-मोखाड्यात या. इथे रिपोर्टमध्ये वंशाचा रकाना नाही, पण आदिवासी पाड्यांवर सिकलसेल आहे. हा जीन मलेरियापासून थोडं संरक्षण देतो. म्हणून आफ्रिकेत टिकला तसा आपल्या जंगलपट्ट्यातही टिकला. आई-वडील दोघांकडून आला तर आजार, एकाकडूनच आला तर माणूस वाहक.

किडनीच्या आतल्या भागात ऑक्सिजन कमी असतो. तिथे या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. मग किडनीला पाणी धरून ठेवता येत नाही, लघवीतून प्रथिनं जायला लागतात. वाहकांनाही किडनीच्या आजाराचा धोका काहीसा जास्त असतो, असं अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या अभ्यासात दिसलंय.

खरी गोम पुढे आहे. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. अंगावर मांस नसलेल्या माणसाचं क्रिएटिनिन मुळातच कमी, त्यामुळे किडनी बिघडत असली तरी रिपोर्ट ‘नॉर्मल’ येऊ शकतो. त्यात दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्टीवर जातात. ऊन, कमी पाणी, अंग दुखलं की वेदनाशामक गोळी. सिकलसेलच्या किडनीला हे तिन्ही घातक. म्हणजे जीनच्या दोषात परिस्थितीचाही भार पडतो.

मग करायचं काय? देशात १ जुलै २०२३ला सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झालीये. जवळच्या आरोग्य केंद्रात एकदा तपासणी करून घ्या, लग्न ठरायच्या आधी तर नक्कीच. आजार निघाला तर फक्त क्रिएटिनिनवर थांबू नका, दरवर्षी लघवीतलं अल्ब्युमिनही तपासायला सांगा. दुखण्याची गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्या.

गावाकडच्या ग्रुपवर हा भाग नक्की टाका. भेटू पुढच्या भागात!