मोटर जळते, म्हणजे नेमके काय जळते?

सांगली-मिरज रस्त्यावर विश्रामबागेत १९४७ साली स्थापन झालेले वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. पण विजेच्या मोटरीतील एक महत्त्वाचा पदार्थ पाहण्यासाठी महाविद्यालयातच जायला हवे असे नाही. मोटर रिवाइंडिंगचे कोणतेही दुकान त्यासाठी पुरते. शेतीपंपाची मोटर जळाली, असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात लोखंड जळत नाही, तांब्याची तारही बरीचशी शाबूत असते. जळते ते विद्युतरोधन.

हे रोधन दोन ठिकाणी असते. एक, तारेवरचा एनॅमलचा पातळ लेप. दुसरे, स्टेटरच्या खाचांत तारेची वेटोळी बसवण्यापूर्वी कारागीर घालतो तो चिवट ‘मिलिनेक्स पेपर’. हा कागद नव्हेच. ती पॉलिस्टरची फिल्म आहे. टेरिलीनचे कापड याच बहुवारिकाचे. ते १९४१ साली इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी शोधले. ‘मेलिनेक्स’ हे मूळचे आयसीआय कंपनीच्या फिल्मचे व्यापारी नाव. दुकानांतून ते सामान्यनाम झाले. पॉलिस्टर फिल्म आपल्या छत्रपती संभाजीनगरातही तयार होते.

तांब्यात मोकळे इलेक्ट्रॉन असतात. पॉलिस्टरच्या लांबलचक रेणूंत मात्र ते बंधांत अडकलेले असतात, म्हणून वीज वाहत नाही. हवेत एक मिलिमीटर अंतरावर सुमारे ३००० व्होल्टला ठिणगी पडते. मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाइतकी जाड पॉलिस्टर फिल्म चाचणीत सुमारे ७००० व्होल्ट सोसते!

मग ४१५ व्होल्टची मोटर जळते कशी? येथे खरा शत्रू उष्णता आहे. विजेचा दाब कमी झाला, तरी पंपाला लागणारी शक्ती जवळपास तेवढीच राहते. म्हणून मोटर जास्त प्रवाह ओढते. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. प्रवाह १.२ पट झाला, तर उष्णता १.४४ पट होते. तीन फेजपैकी एक गेला, तर परिस्थिती आणखी बिकट होते. तापमान दर १० अंशांनी वाढले की रोधनाचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. पॉलिस्टर फिल्म दीर्घकाळ वापरायची मर्यादा सुमारे १३० अंश सेल्सिअस. त्यातच ओल असेल, तर गरम पाणी रेणूंच्या साखळ्या तोडते आणि फिल्म ठिसूळ होते. याहून जास्त तापणाऱ्या यंत्रांत पॉलिइमाइडची महाग फिल्म वापरतात.

वर्गात एक प्रयोग करता येईल. दुकानातून फिल्मचा टाकाऊ तुकडा आणावा. त्यावर आणि साध्या कागदावर पाण्याचा एकेक थेंब टाकून दहा मिनिटांनी पाहावे. मग दोन्ही फाडून पाहावेत. तुकड्याला वीज मात्र कधीही जोडू नये. शेवटी विद्यार्थ्यांना विचारावे: प्रवाह १.३ पट झाला, तर उष्णता किती पट? उत्तर काढल्यावर, दाब उतरताच मोटर बंद करणारे उपकरण पिकाला पाणी देणाऱ्या शेतकऱ्याला किती मोलाचे आहे, हे त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.