बुडीत कंपनीचा संचालक

मराठीचा मास्तर मी. व्यापाराशी संबंध वाण्याच्या उधारीपुरता. पण कर्जतच्या आमच्या वाणिज्य विभागात परदेशी व्यापाराच्या खेळात एका गटाला गडी कमी पडला, नि मी सापडलो! पाचपाच जणांच्या ‘कंपन्या’, कागदी भांडवल, अन् दर फेरीला भाव, साठा, जहाज ठरवायचे. लष्करी डावपेचांच्या सरावावरून अमेरिकन मॅनेजमेंट असोसिएशनने १९५७ च्या सुमारास बड्या अधिकाऱ्यांसाठी असा खेळ रचला होता.

आम्ही तांदूळ घेतला. ‘कर्जत-३’ वाणाच्या गावात दुसरे काय घेणार? खालापूरकडची एक मुलगी सारखी म्हणे, “सर, सगळा माल परदेशासाठी अडकवू नका. निम्मा मुंबईला विकू.” मी हसून तिला गप्प केले. भाव कसा चढत होता!

तिसऱ्या फेरीला लिफाफा आला. २० जुलै २०२३ : बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाच्या निर्यातीवर बंदी. हुकूम खराच होता. तो २०२४ च्या सप्टेंबरात उठला. आमची कंपनी मात्र गोदामाच्या भाड्यातच बुडाली.

“तुला आधी कसे कळले ग?”

“कळले नव्हते, सर. त्या वर्षी बाबांनी एका व्यापाऱ्याच्या शब्दावर घरचे भात राखून ठेवले होते. तो आलाच नाही.”

दुसऱ्या दिवशी पुन्हा डाव मांडला. साठ्याचा आकडा तिने लिहिला; मी नुसती सही केली.