काडतुसाचे वंगण

वंगण या शब्दाची ओळख परभणीकरांना करून द्यायला नको. बैलगाडीचा कणा कोरडा पडला की चाक कुरकुरू लागते, आणि गाडीवान कण्याला एरंडेल लावतो. ते एरंडेल तेल्याच्या घाण्यावरचे असते, घाणा डोळ्यांसमोरचा असतो. त्यात काय आहे असे कोणी विचारीत नाही. पण हेच वंगण दुरून, डब्यातून, दुसऱ्या कोणाच्या हुकुमाने येऊ लागले म्हणजे हा प्रश्न उभा राहतो. काडतुसाच्या वंगणाची हकीकत मला सांगायची आहे ती एवढ्यासाठीच.

आजच्या काडतुसाची पितळी पुंगळी आपण निदान वर्तमानपत्रातल्या चित्रात पाहिली असेल. बार उडाला की ती पुंगळी किंचित फुगते. अमेरिकेसारख्या काही देशांत नेमबाजीचे शौकीन या रिकाम्या पुंगळ्या घरीच पुन्हा भरतात. (आपल्याकडे परवान्यावाचून काडतूस बनविणे हा १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, तेव्हा कोणी हा प्रयोग करू नये.) फुगलेली पुंगळी पोलादी साच्यात दाबून मूळ मापावर आणावी लागते. ती कोरडीच दाबली तर साच्यात अडकून बसते, आणि ओढून काढू गेले तर तिची कड तुटून हातात येते. वंगण फार झाले तर ते साच्याच्या कोपऱ्यात साचते आणि पुंगळीच्या खांद्याला खळगा पाडते. पुंगळीत राहिलेले तेल दारूत किंवा टोपीत उतरले तर बार फुसका जातो. आणि बाहेरून राहिलेले तेल पुसले नाही, तर बार उडताना पुंगळी नळीच्या भिंतीला धरून राहत नाही व सारा धक्का मागच्या खिळीवर येतो.

म्हणून या कामाला असे वंगण निवडतात, की ज्याचा पातळसा थर दाबाखालीही टिकेल आणि काम झाल्यावर सहज पुसला जाईल. मेंढीच्या लोकरीतून निघणारा मेणचट पदार्थ, काही जातींचे मेण आणि आपले एरंडेलसुद्धा या परीक्षेला उतरते. एवढ्यावर विषय संपला असता. पण वंगणाला आणखी एक परीक्षा द्यावी लागते. ज्या माणसाच्या हाताला आणि तोंडाला ते लागणार, त्याला ते चालते काय? या परीक्षेत एक सरकार नापास झाले.

त्या काळी पितळी पुंगळी नव्हती. काडतूस म्हणजे कागदाची सुरळी. एका टोकाला दारू, दुसऱ्या टोकाला शिशाची गोळी. १८५३ च्या नमुन्याची एन्फील्ड रायफल ठासणीचीच, पण तिच्या नळीत आतून पीळ दिलेल्या खाचा होत्या. शिपायाने काडतुसाचे टोक दातांनी तोडायचे, दारू नळीत ओतायची, मग गोळी कागदासकट गजाने ठासायची. काळ्या दारूची काजळी नळीत धरते आणि चारदोन बारांनंतर गोळी उतरत नाही. म्हणून गोळीकडच्या कागदाला वंगण हवे. यंत्राच्या दृष्टीने त्यात काही वावगे नव्हते. वावगे होते ते त्या वंगणात चरबी होती हे, आणि ती कोणत्या जनावराची हे कोणी पाहिले नाही हे. कंत्राटदाराकडून चरबी घेताना तशी अट घातलेली नव्हती. बरे, कोणाला सुचले नव्हते असेही नाही. १८५३ सालीच कर्नल टकर यांनी लेखी बजावले होते, की वंगणात आक्षेपार्ह काही नाही याची खात्री झाल्यावाचून ही काडतुसे हिंदी पलटणींना देऊ नयेत. तो कागद दप्तरात राहिला.

मग बातमी फोडली कोणी? जानेवारी १८५७ मध्ये कलकत्त्याजवळ दमदमला दारूगोळ्याच्या कोठीतल्या एका खलाशाने एका ब्राह्मण शिपायाकडे पाणी मागितले. शिपायाने लोटा विटाळेल म्हणून नकार दिला. तेव्हा खलाशी उलटून बोलला, की लवकरच तुम्हाला गाईची आणि डुकराची चरबी लावलेली काडतुसे दातांनी तोडावी लागतील, मग कसली जात राहते? तेव्हाच्या लष्करी अहवालात ही हकीकत आहे. संघटनेच्या कामात माझी पंचवीस-तीस वर्षे गेली, म्हणून मला यातला शिपाई नव्हे, तो खलाशी दिसतो. पलटणींतल्या साहेबांनी सांगितले नाही ते कोठीतल्या मजुराने सांगितले, कारण माल त्याच्या डोळ्यांसमोर होता. आणि ज्याला पाण्याचा घोट नाकारला गेला त्याने ते अपमानाची परतफेड म्हणून सांगितले, हेही विसरू नये.

२७ जानेवारीला सरकारने हुकूम काढला, की काडतुसे वंगणावाचून द्यावीत आणि शिपायांनी आपल्या पसंतीचे वंगण आपल्या हातांनी लावावे. मेण आणि तूप किंवा तेल यांचे मिश्रण कामाला पुरते हे ठाऊक होतेच. मार्चमध्ये दातांऐवजी हाताने कागद फाडण्याची कवायत आली. दोन्ही उपाय बरोबर होते. पण तोवर संशय कागदावरच्या चकाकीपर्यंत पोचला होता. २४ एप्रिलला मीरतच्या पंच्याऐंशी स्वारांनी काडतुसे नाकारली तेव्हा ती जुन्याच तऱ्हेची होती असे सांगतात. ९ मे रोजी त्यांच्या पायांत बेड्या पडल्या आणि १० मे रोजी मीरत पेटले. १८५७ ला काडतूस हे एकच कारण होते असे मी म्हणत नाही. हिंगोलीला (१९९९ पर्यंत ती आपल्याच जिल्ह्यात होती) ज्या हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती, त्याच फौजेच्या औरंगाबादच्या घोडदळाने जूनमध्ये बंड केले, ते आपल्याला उत्तरेत लढायला धाडतील या धास्तीने. काही महिन्यांत खुलासा करून मिळेल असा विश्वास उरला नव्हता, एवढेच खरे.

ही गोष्ट जुनी म्हणून सोडून देता येत नाही. लँकेशायरच्या सूतगिरण्यांत चात्यांचे खनिज तेल कामगारांच्या कपड्यांत मुरून कातडीचा कर्करोग होई. १९२० नंतर ते उघड झाले, पण तेथील तेल बदलण्याचा सक्तीचा नियम व्हायला १९५३ साल उजाडले. आपल्याकडे धोकादायक कारखान्यातल्या कामगाराला मालाची माहिती देण्याचे बंधन फॅक्टरी कायद्यात आले ते १९८७ साली, भोपाळनंतर. एका कारखान्यात पिंपात काय आहे असे मी विचारले, तेव्हा मुकादम म्हणाला, "तेल आहे." कामगारांच्या मनगटांवर पुटकुळ्या होत्या.

पिंपाबरोबर एक कागद येतो, बहुधा इंग्रजीत, आणि तो कचेरीत पडून राहतो. तो मराठीत करून यंत्राशेजारच्या भिंतीवर लावावा, ही मागणी मी प्रत्येक वाटाघाटीत पगाराच्या मागणीआधी लिहितो. तिला मालकाचा खर्च एका कागदाचा आणि चार खिळ्यांचा.