दंडाची थकबाकी आणि वाहनपरवान्याचे निलंबन

वाहन चालविण्याचा परवाना हा मूलतः योग्यतेचा दाखला होय. धारकास वाहन सुरक्षितपणे चालविता येते, एवढेच राज्यसंस्था त्याद्वारे प्रमाणित करते. म्हणून मद्यपान करून किंवा बेदरकारपणे वाहन हाकणाऱ्याचा परवाना काढून घेणे तर्कास धरून आहे. परंतु अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या अधिकाराचा उपयोग निराळ्याच हेतूने होऊ लागला. न्यायालयाने केलेला दंड किंवा खटल्याचा खर्च मुदतीत भरला नाही, एवढ्याच कारणावरून परवाना निलंबित करण्याची तरतूद बहुसंख्य राज्यांच्या कायद्यांत आली. योग्यतेचा दाखला अशा रीतीने वसुलीचे साधन बनला. या स्थित्यंतरातून उपस्थित झालेल्या घटनात्मक प्रश्नाचे स्वरूप प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

ही पद्धत जेथे रूढ झाली तेथे व्यवहार साधारणतः पुढीलप्रमाणे चालतो. वाहतुकीच्या एखाद्या किरकोळ गुन्ह्याबद्दल दंड होतो. त्यावर अधिभार व न्यायालयीन आकार चढतात. कॅलिफोर्नियात २०१५ च्या सुमारास १०० डॉलरांचा मूळ दंड या आकारांमुळे सुमारे ४९० डॉलरांवर जात असे, आणि मुदत टळल्यास ८०० डॉलरांची मर्यादाही ओलांडीत असे. रक्कम न आल्यास न्यायालयाकडून राज्याच्या मोटार-वाहन खात्यास तसे कळविले जाते आणि खाते परवाना निलंबित करते. अशा निलंबनास बहुधा ठराविक मुदत नसते. देणे फिटेपर्यंत ते चालू राहते. देणे फिटल्यावरही परवाना परत मिळविण्यासाठी वेगळे शुल्क द्यावे लागते. या सर्व क्रमात दंडिताची ऐपत काय आहे, हे पाहण्याचे काम पुष्कळ ठिकाणी कोणाकडेच सोपविलेले नसते.

परिणामांचा विचार करताना त्या देशातील दैनंदिन जीवनाची रचना ध्यानात घेतली पाहिजे. २०१९ मध्ये तेथील सुमारे तीन चतुर्थांश कामकरी लोक एकट्याने मोटार चालवीत कामावर जात होते. मोठी शहरे सोडल्यास सार्वजनिक वाहनांची सोय तुटपुंजी आहे. साहजिकच परवाना गमावलेल्या मनुष्यापुढे दोनच मार्ग उरतात. नोकरी सोडावी, तर दंड भरण्याचे साधनच नाहीसे होते. परवान्यावाचून वाहन चालवावे, तर तो स्वतंत्र गुन्हा ठरतो आणि त्यापायी नवा दंड व प्रसंगी कारावासही पदरी येतो. ज्याच्यापाशी पैसे आहेत तो दंड भरून मोकळा होतो. ज्याच्यापाशी नाहीत त्याचे देणे शिक्षेमुळेच वाढत जाते. अपराध तोच असूनही शिक्षेचे मान ऐपतीनुसार पालटते, हे या पद्धतीचे मर्म होय.

सर्वोच्च न्यायालयाने या मर्माशी निगडित असे तीन महत्त्वाचे निर्णय दिले आहेत. 'टेट विरुद्ध शॉर्ट' (१९७१) या खटल्यात टेक्सासमधील एका निर्धन मनुष्यास वाहतुकीच्या गुन्ह्यांबद्दल एकूण ४२५ डॉलरांचा दंड झाला होता. तो भरता न आल्यामुळे दररोज ५ डॉलर या हिशेबाने त्याला ८५ दिवस कारावासात पाठविण्यात आले. केवळ निर्धनतेमुळे दंडाचे कारावासात रूपांतर करणे घटनाबाह्य होय, असे न्यायालयाने ठरविले. त्याच वर्षीच्या 'बेल विरुद्ध बर्सन' या निर्णयाने परवाना हा उपजीविकेसाठी अत्यावश्यक असू शकतो हे मान्य केले. एकदा दिलेला परवाना विधियुक्त प्रक्रियेवाचून हिरावून घेता येत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. पुढे 'बेअर्डन विरुद्ध जॉर्जिया' (१९८३) या निर्णयाने आणखी एक तत्त्व प्रस्थापित केले. दंड न भरल्याबद्दल परिवीक्षा रद्द करून एखाद्यास तुरुंगात धाडण्यापूर्वी त्याने दंड बुद्धिपुरस्सर टाळला की प्रामाणिक प्रयत्न करूनही त्याला तो भरता आला नाही, याची चौकशी झाली पाहिजे.

तथापि 'बेअर्डन'मध्ये प्रश्न कारावासाचा होता, परवान्याचा नव्हता. या अंतरामुळेच कनिष्ठ न्यायालयांत मतभेद माजले. व्हर्जिनियातील एका संघीय जिल्हा न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये तेथील आपोआप होणाऱ्या निलंबनास अंतरिम मनाई केली, कारण दंडितास आपली बाजू मांडण्याची संधीच दिली जात नव्हती. उलट, २०१९ मध्ये 'फाउलर विरुद्ध बेन्सन' या खटल्यात सहाव्या विभागाच्या संघीय अपील न्यायालयाने मिशिगनचा कायदा ग्राह्य ठरविला. त्या राज्याच्या कायद्याने निर्धनास सूट दिलेलीच नाही. तेव्हा ऐपतीची सुनावणी घेऊन काय साधणार, असा त्या निर्णयाचा युक्तिवाद होता. तो औपचारिक दृष्ट्या सुसंगत असला, तरी कायद्यातील उणीव हेच त्याच्या समर्थनाचे कारण बनते, ही गोष्ट दृष्टीआड करता येत नाही.

अखेर या प्रश्नाचे उत्तर अनेक राज्यांत न्यायालयांऐवजी विधिमंडळांनी दिले. कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये केवळ थकबाकीसाठी होणारे निलंबन बंद केले. व्हर्जिनियाने २०१९ मध्ये ते तात्पुरते थांबवून २०२० मध्ये संबंधित तरतूद कायमची रद्द केली. मिशिगनने खटला जिंकूनही आपला कायदा बदलला. तो बदल २०२१ मध्ये अंमलात आला. मोटार-वाहन प्रशासकांच्या अमेरिकन संघटनेनेही २०१३ मध्येच, वाहतूक-सुरक्षिततेशी संबंध नसलेल्या कारणांसाठी परवाने निलंबित करू नयेत, अशी शिफारस केली होती.

निलंबनाच्या समर्थकांचा आक्षेप मात्र क्षुल्लक नाही. अंमलबजावणीचे साधन नसेल तर दंडाला अर्थ उरत नाही, आणि कारावासापेक्षा निलंबन सौम्य आहे, असे ते म्हणतात. ऐपत असून दंड चुकविणाऱ्यास हे उत्तर लागू पडते. परंतु ज्याला ऐपतच नाही त्याच्या बाबतीत धाक निष्फळ ठरतो. त्याच्यासाठी हप्ते, समाजसेवा किंवा दंडात सूट असे मार्ग उपलब्ध आहेत. फिनलंडने तर १९२१ पासून दैनिक उत्पन्नाच्या प्रमाणात दंड ठरविण्याची पद्धत स्वीकारली आहे. तेथे ऐपतीचा विचार शिक्षा ठरवितानाच होतो.

असमर्थता आणि अवज्ञा यांत भेद करणे, हे दंडशास्त्राचे आद्य कर्तव्य होय. हा भेद केवळ तुरुंगाच्या दारापाशी केला आणि उपजीविकेच्या दारापाशी वगळला, तर 'बेअर्डन'ने मान्य केलेले तत्त्व अर्धेच अंमलात येते.