ॲपलवरील कारवाई आणि साक्रीचा दुरुस्तीवाला

साक्रीच्या बाजारात आयफोनवाले गिऱ्हाईक विरळाच. मग त्या कंपनीवरील सरकारी कारवाईशी आपल्या व्यापारी बंधूंचे काय देणेघेणे? आहे, आणि बरेच आहे.

मक्तेदारीविरुद्धचा १९६९ चा कायदा जाऊन स्पर्धा कायदा, २००२ आला. २००९ पासून दिल्लीचा स्पर्धा आयोग त्याखाली प्रकरणे ऐकतो. या कायद्याने मोठे असण्यास बंदी नाही. मोठेपणाच्या जोरावर दुसऱ्याची वाट अडवण्यास आहे. आपल्या फिकहमध्येही नफा हलाल आहे, पण भाव चढावा म्हणून माल दाबून ठेवणे, म्हणजे इहतिकार, मना आहे.

ॲपलचे म्हणणे असे, की भारतात आमचे फोन मोजकेच, मग वर्चस्व कसले? चौकशीत मात्र बाजार वेगळ्या रीतीने मोजला गेला. आयफोनवर ॲप द्यायचे तर कंपनीच्या ॲप स्टोअरखेरीज दुसरा दरवाजा नाही, आणि ॲपमधील डिजिटल विक्रीवर १५ ते ३० टक्के कमिशन. आठवडे बाजार लहान असला तरी आत जायचा नाका एकाच्याच हाती असेल, तर तो नाकेदार जबरच म्हणायचा! ३१ डिसेंबर २०२१ रोजी आयोगाने चौकशीचा आदेश दिला. २०२४ मधील चौकशी अहवालात वर्चस्वाचा दुरुपयोग झाल्याचा निष्कर्ष आला. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकन सरकारनेही ॲपलवर दावा लावला.

खरी झुंज दंडाची आहे. २०२३ च्या दुरुस्तीने दंड जगभरच्या उलाढालीवर, १० टक्क्यांपर्यंत, लावता येतो. कंपनीने २०२५ मध्ये याला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. तिच्याच हिशेबाने हा आकडा ३८ अब्ज डॉलरपर्यंत जाऊ शकतो.

अँड्रॉइड तर साक्रीत घरोघरी. त्यावर आपली ॲप आधीच भरून देण्याची सक्ती केल्याबद्दल गूगलला ऑक्टोबर २०२२ मध्ये १३३७.७६ कोटींचा दंड झाला.

पण आमच्या कारागिरांनी लक्षात ठेवावा तो २०१४ चा निकाल. सुट्या बाजारात अस्सल स्पेअर पार्ट न देणाऱ्या, स्वतंत्र गॅरेजवाल्यांना अडवणाऱ्या १४ मोटार कंपन्यांना आयोगाने एकूण २५४४.६५ कोटींचा दंड ठोठावला. काहींचा दंड पुढे अपिलात घटला. तरी बाहेरच्या मेकॅनिकला पार्ट नाकारणे हा निव्वळ कंपनीचा खासगी मामला नव्हे, हे ठरले. मोबाईलच्या डिस्प्ले-बॅटरीबाबत हाच मुद्दा उद्या कोणी मांडू शकेल.

अशी माहिती आयोगाकडे एकटा दुकानदार किंवा व्यापारी संघटना फी भरून देऊ शकते. मात्र एका खराब पार्टचे पैसे परत हवेत, तर हे दार नव्हे. त्यासाठी ग्राहक आयोग आहे, पण तेथेही पुन्हा विकण्यासाठी घेतलेल्या मालाची तक्रार चालत नाही. स्वतःच्या रोजीरोटीसाठी घेतलेल्या यंत्राची चालते. म्हणून खरेदीचे पक्के बिल घ्यावे, आणि डीलरने पार्ट नाकारला तर तो नकार लेखी मागावा.